दोन मग कोको आणि माझी फजिती

मी एमआरआय यंत्र बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर ओरडतोय, कारण हळू बोलणं माझ्या नशिबातच नाही. ठक-ठक, घर्र-घर्र, मग एक लांबलचक भोंगा, की झालं माझं भाषण. माझ्याकडे येणाऱ्याच्या कानांत आधी बोळे घालतात आणि वर जाडजूड झाकणं चढवतात. ज्याचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून असा दुहेरी बंदोबस्त करावा लागतो, त्यानं आपली कहाणी सांगायला बसावं, हा विनोदच आहे. पण आज बसलोय. माझ्याकडे फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी माझ्या पोटात तारांची वेटोळी भरली, त्यांवर पिंपंच्या पिंपं हेलियम ओतलं आणि मला कायमचं गारठवून टाकलं. थंड डोक्याची माणसं शहाणी असतात म्हणे. माझं तर सगळं अंगच थंड, त्यामुळे मी स्वतःला महाशहाणा समजू लागलो. ही समजूत पुढे बरीच वर्षं टिकली.

जहाजानं ऑकलंडला आलो. शहराच्या दक्षिणेकडच्या या हॉस्पिटलच्या दारातून मी मावेना, म्हणून चक्क भिंत फोडून मला आत घेतलं आणि माझ्यामागे ती पुन्हा बांधली. नव्या नवरीसाठीसुद्धा कुणी एवढं करत नाही. मी फुगलो. ज्या भिंतीतून आत घेतात तीच एक दिवस बाहेर काढायलाही फोडतात, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझे अवगुणही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की नुसती बढाई चाललीय. लोखंड दिसलं की माझा तोल सुटतो. पहिल्याच वर्षी एका पाद्रीबाबांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खिशातून ओढून घेतला. बिचारे चर्चबाहेर दुपारभर ताटकळले. एकदा फरशी पुसायचं यंत्र आख्खंच्या आख्खं छातीशी कवटाळून बसलो. सोडवायला सहा माणसं लागली. दिसायला मी बाहेरून लठ्ठ, आतून अरुंद. इथली माणसं पडली भरल्या अंगाची, रुंद खांद्यांची. ती आत शिरताना घासली की सगळे त्यांनाच सांगतात, "हात जरा आखडून घ्या." मलाच बेतून नीट शिवलेलं नाही, हे कुणी म्हणत नाही.

पहिली काही वर्षं माझ्या वाट्याला रग्बीवाल्यांचे गुडघे आले. शनिवारी सामने, सोमवारी माझ्या दारात रांग. गुडघ्यात बघण्यासारखं असतं तरी काय? म्हणून हृदयाची तपासणी सुरू झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

ही तपासणी सोपी आहे. माणूस माझ्या पोटात गप्प पडलेला असतो, आणि सुईतून त्याला एक औषध देतात. त्यानं हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलतात. माणूस धावला असता तर जेवढं रक्त हृदयाकडे गेलं असतं, तेवढं पडल्या पडल्या जाऊ लागतं. दोन-तीन मिनिटं छाती भरून येते, कानशिलं तापतात. मग दुसऱ्या सुईतून रंगद्रव्य सोडतात. ते रक्ताबरोबर जिथं जिथं पोचतं तिथलं मांस माझ्या चित्रात उजळतं. जिथं रक्त पुरेसं पोचत नाही तो भाग काळा राहतो. एवढंच. अट फक्त एक. आदल्या दिवसापासून चहा नाही, कॉफी नाही, कोला नाही, चॉकलेट नाही. त्यांच्यातलं कॅफीन औषधाच्या आधी जागा अडवून बसतं आणि औषधाला दारातूनच परत पाठवतं.

माझी मालकीण कागदोपत्री हे हॉस्पिटल असेल, पण खरी मालकीण नायरी. पन्नाशीची माओरी बाई, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की माझ्यावर कडी करील. ती काचेपलीकडे बसून मला चालवते. मला ती ढोलोबा म्हणते. तिची बोलायची कळ बरेचदा दाबलेलीच राहते, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. माझ्या सगळ्या ज्ञानाचा उगम म्हणजे ती अडकलेली कळ.

तर एका सोमवारी सकाळी लाफाएले आला. सहासष्ट वर्षांचा सामोअन गृहस्थ. तीस वर्षं विमानतळावर लोकांचं सामान चढवून-उतरवून निवृत्त झालेला, चर्चमध्ये वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसणारा. सोबत त्याची बायको इलिसापेता, कडेला केळीच्या पानांची नक्षी असलेली एक मोठी पिशवी घेऊन.

खोलीत नायरी आणि डॉक्टर व्हिटकर कागद बघत बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना लाफाएले कंबरेत वाकला आणि म्हणाला, "तुलोऊ." बसलेल्या माणसांसमोरून उभ्यानं जायचं तर सामोअन लोक अशी माफी मागतात. वाकला खरा, पण अर्ध्यावरच थांबला. उजवा हात छातीवर गेला. क्षणभर तसाच राहिला, मग जणू सदऱ्याचं बटण चाचपत होता असं दाखवून सरळ झाला. अंगावर चढवलेल्या रुग्णाच्या झग्याला बटणं नसतात, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

"काका, छातीत दुखतं का?" नायरीनं विचारलं.

"कुठं काय! म्हातारपणाचं दुखणं आहे."

"चर्चच्या पायऱ्यांवर दोनदा बसतो," इलिसापेता म्हणाली. "आणि मला सांगतो, समुद्र बघतोय. तिथून समुद्र दिसत नाही. गाड्यांचा तळ दिसतो."

"अगं, हिला कशाला सांगतेस!"

"मग कुणाला सांगू? भिंतीला?"

मग सगळी हकीकत बाहेर आली. सामोआतल्या सवाई बेटावरच्या त्याच्या गावात त्याच्या आजोबांची उपाधी त्याला मिळणार होती. घराण्याचा प्रमुख. शनिवारी सोहळा, गुरुवारी विमान. तिकडे एक्क्याण्णव वर्षांची आत्या वाट बघत होती, डुकरं ठरली होती, खांद्यावर पांघरायच्या मानाच्या चटया बाहेर काढल्या होत्या. डॉक्टर मात्र अडून बसले होते की हृदय बघितल्याशिवाय विमानात बसायचं नाही. गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या. तिथं काही झालं तर पुढे होडी, मग दुसरं बेट.

"डॉक्टर, मला फक्त 'जा' म्हणा," लाफाएले म्हणाला. "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या त्या विमानात चढवल्या. आता माझी चढू दे."

नायरीनं नेहमीचे प्रश्न विचारले. चहा?

"शनिवारपासून थेंब नाही."

कॉफी? कोला?

"नाही, नाही."

चॉकलेट?

इथं लाफाएलेनं छाती पुढे काढली. "काल नातीचा वाढदिवस होता. चॉकलेटचा केक ताटात आला, तो मी परत केला. नात रडली. विचार हिला."

"खरं आहे," इलिसापेता म्हणाली. "पोर रडली, आणि हा हुतात्म्यासारखा बसला होता."

त्याला आत घेतलं. खांदे घासले, नेहमीप्रमाणे त्यालाच हात आखडायला सांगितलं. औषध गेलं. माझी ठक-ठक सुरू झाली. "श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा," नायरी सांगत होती आणि तो असा श्वास धरत होता की मोती काढायला बुडी मारलीय.

"काही होतंय का, काका?"

"काही नाही! पंख्याखाली पडल्यासारखं वाटतंय."

नाडी फारशी वाढली नव्हती. पण तो नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेत होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रंगद्रव्य आलं. उजवा कप्पा उजळला, फुप्फुसं उजळली, डावा कप्पा उजळला, आणि मग हृदयाचं मांस, चहूबाजूंनी सारखं, एकही डाग नाही. काय सांगू तुम्हाला, इतकी देखणी चित्रं मी कधी काढली नव्हती. मला वाटलं, मला चौकटीत घालून भिंतीवर लावतील.

डॉक्टर व्हिटकर उभ्या उभ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "पहिल्या नजरेत तरी स्वच्छ दिसतंय. नीट वाचून बुधवारपर्यंत कळवतो." आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

यातलं "स्वच्छ" एवढंच लाफाएलेनं ऐकलं. बाकीचे शब्द त्याच्या दृष्टीनं इंग्रजांच्या सवयीचे होते. त्या उघड्या पाठीच्या झग्यातच दारात उभा राहून त्यानं गावाला फोन लावला. "आत्या! हृदय स्वच्छ आहे! यंत्रानं सांगितलं! मोठं यंत्र आहे, घराएवढं! हो, येतोय. डुकरं कापा!"

घराएवढं मोठं यंत्र. मी फुशारलो. आता एवढंच उरलं होतं की मला कुणी उपाधी द्यावी.

इकडे इलिसापेतानं पिशवीतून फ्लास्क काढला. कुणाकडे काम असेल तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची रीत. तिनं नायरीपुढे मग ठेवला आणि ओतलं. वाफ आली. वास माझ्यापर्यंत येत नाही, मला नाकच नाही, पण नायरीचा चेहरा काचेतून दिसला. आधी खुलला आणि मग दगड झाला.

"हे काय आहे, काकू?"

"कोको. आपल्या झाडाचा. याची बहीण बिया पाठवते, मी घरी भाजते, कुटते. दुकानातलं काही नाही हो. बिचारा सकाळी उपाशी कसा येणार? दोन मग त्याला दिले, उरलेला तुझ्यासाठी राखला."

"काल?"

"काल रविवार! रविवारी चर्चनंतर कोकोभात नसतो होय? केक सोडावा लागला म्हणून मी त्याला एक डाव जास्तच वाढला."

नायरीनं मग खाली ठेवला. "काकू, चॉकलेट कशापासून करतात?"

इलिसापेता हसली. "ते कारखान्यात करतात, बाई. कागदात गुंडाळलेलं असतं. हा कोको आहे." आणि बोलता बोलता तिचं हसणं गेलं. तिनं फ्लास्ककडे बघितलं. चॉकलेट म्हणजे दुकानातली चीज, कोको म्हणजे घर. चाळीस वर्षांत या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींच्या शेजारीसुद्धा कधी बसल्या नव्हत्या.

नायरीनं माझी ती देखणी चित्रं पुन्हा पडद्यावर घेतली. पण या वेळी तिनं हृदय बघितलं नाही. कोपऱ्यात, कडेला, प्लीहा असते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणत. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण औषध लागू पडलं की पाणथरीचं रक्त आटतं आणि चित्रात ती काळवंडते. लाफाएलेची पाणथरी उजळ होती. लख्ख. औषध लागूच पडलं नव्हतं. त्याचं हृदय पायऱ्या चढलंच नव्हतं, कोको पिऊन पंख्याखाली पडलं होतं, आणि मी त्याची चित्रं काढून हुशारी मारत होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उजळ पाणथरी मीच टिपली होती, एकेका चित्रात. मी हृदयाच्या तोऱ्यात, कोपऱ्यात बघतो कोण! आणि बघितलं असतं तरी काय केलं असतं? ठक-ठक?

नायरी दारात गेली. तिनं फोन संपेपर्यंत वाट बघितली आणि मग त्याला सांगितलं. लाफाएले खाली बसला.

"पोरी, मी आत्ता सगळ्या गावाला सांगितलं."

"माहीत आहे, काका. ऐकलं मी."

"स्वच्छ म्हणून सांगितलं. आता काय सांगू, कोको प्यायलो?" मग हळूच म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर गुरुवारी मी विमानात असतो."

"असता," नायरी म्हणाली. "आणि परत यायचं विमान?"

इलिसापेतानं फ्लास्कचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मीच पाजला," ती म्हणाली. "माझ्या हातानं पाजला." मग तिनं त्याच्याकडे वळून आवाज चढवला, "आणि तुझं तोंड काय शिवलं होतं? नको म्हणता येत नव्हतं?"

"तुझ्या कोकोला नको म्हणू? चाळीस वर्षांत एकदा म्हणून बघितलं होतं. आठवतंय ना काय झालं?"

नायरीनं डॉक्टरांना फोन केला. मग वही उघडली. बुधवारी एका गुडघ्याची वेळ होती. तिनं गुडघ्याला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात ढकललं. गुडघे थांबू शकतात, हे मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.

बुधवारी लाफाएले आला तो केवळ पाण्यावर. पुन्हा खांदे घासले. डॉक्टर व्हिटकर या वेळी खुर्ची ओढून बसले. औषध गेलं आणि अर्ध्या मिनिटात त्याचा श्वास जड झाला.

"काका, बोला."

"बसलाय कोणीतरी छातीवर." दात आवळून म्हणाला. "सबंध चर्च बसलंय."

"फुगा दाबा, लगेच थांबवते."

त्याच्या मुठीत रबरी फुगा होता, मदत मागायचा. मला ती मूठ दिसत होती. त्यानं फुगा दाबला नाही. "काढ फोटो," म्हणाला. "खरे काढ."

मी काढले. देखणे नव्हते. पाणथरी काळी पडली होती, म्हणजे या वेळी फसवणूक नव्हती. आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीला एक काळा पट्टा होता, तव्यावरच्या भाकरीची एक बाजू शेकायची राहून जावी तसा. सगळीकडे रक्त धावत होतं, तिथं पोचत नव्हतं. मला तो पट्टा बघून वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटली. सोमवारच्या माझ्या चित्रांवर विसंबून हा माणूस उद्या विमानात बसला असता.

डॉक्टरांनी सांगितलं, मुख्य वाहिनी अरुंद झालीय, मनगटातून तार घालून ती उघडू, पण उद्याचं विमान नाही. लाफाएलेनं मान डोलावली. गावाला फोन करायला त्याचा हात उचलेना, तेव्हा इलिसापेतानं लावला. आत्याचा आवाज काचेपलीकडून माझ्यापर्यंत आला, इतका ठणठणीत होता.

"उपाधी माझ्या आज्याच्याही आधीची आहे, तीन महिने थांबली तर आंबणार नाही! मेलेल्याच्या खांद्यावर चटई घालून मी काय करू? त्या गाढवाला म्हणावं, नीट होऊन ये. आणि इलिसापेता..."

"हो, आत्या."

"इतका कोको पाजू नकोस गं बाई. पण इकडे येशील तेव्हा थोडा घेऊन ये. इथं कुणाला तुझ्यासारखा जमत नाही."

फोन ठेवला आणि इलिसापेता रडली. लाफाएलेनं तिचा हात धरला. नायरीनं चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून ओरडली, "काय बघतोस रे, ढोलोबा!"

ही गोष्ट सात महिन्यांपूर्वीची. आता माझं सांगतो. मी म्हातारा झालोय. माझा थंडावा गळतो, चित्रं धूसर येतात, मध्येच अडून बसतो. शेजारच्या खोलीत नवं यंत्र बसलंय. पोट रुंद, आवाज नाजूक, आणि म्हणे रक्त किती पोचतं ते आकड्यातच सांगतं. सांगू दे. येत्या सोमवारी माझं हेलियम सोडून देतील, भिंत फोडतील आणि मला बाहेर काढतील. महाशहाणा म्हणून आलो, ढोलोबा म्हणून चाललो. तक्रार नाही.

तुमच्याकडे मागणं एकच. नव्या यंत्राच्या पोटात शिराल तेव्हा आधी खरं सांगा. काय प्यायलात, काय खाल्लंत, घरचं, दुकानातलं, देवाच्या प्रसादाचं, सगळं. आमची जात मोठी भोळी असते. तुम्ही जे घेऊन याल त्याचीच चित्रं आम्ही काढतो, आणि वर मिरवतो.

माझा शेवटचा रुग्ण आज सकाळी येऊन गेला. वाहिनी उघडल्यानंतरची तपासणी. नवं यंत्र तयार होतं, पण त्यानं हटून मलाच मागितलं. "ज्यानं पकडलं, त्यालाच दाखवणार," म्हणाला. पकडलं पाणथरीनं आणि नायरीनं, पण मी गप्प बसलो.

"आता तुम्हाला काय म्हणायचं?" नायरीनं विचारलं. "नव्या उपाधीनं?"

"काकाच म्हण. ते नाव म्हणेपर्यंत तुझी जेवायची सुट्टी संपेल."

"शेवटचा कोको कधी?"

"शुक्रवारी दुपारी!" इलिसापेता मध्येच म्हणाली. "काल रविवारी सगळं चर्च भात खात होतं आणि हा पाणी पीत होता. मी समोर पहारा दिला. फ्लास्क गाडीत कुलपात आहे."

औषध गेलं. छाती भरून आली, पण चर्च बसलं नाही. पाणथरी काळी, हृदय उजळ, पुढची भिंतसुद्धा. चित्रं जरा धूसर होती, माझ्यासारखीच, पण खरी होती. डॉक्टर व्हिटकर खुर्चीत बसून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "छान."

लाफाएले कपडे करून परत आला. खोलीत कुणी बसलेलं नव्हतं; नायरी उभी होती, डॉक्टर गेले होते. तरी माझ्यासमोरून जाताना तो थांबला. दहा वर्षांत हजारो माणसं माझ्यासमोरून गेली, शिव्या देत, देवाचं नाव घेत, केस सावरत. तो माझ्याकडे वळला आणि वाकला. "तुलोऊ," म्हणाला.

पार खालपर्यंत वाकला, बोटं गुडघ्याखाली जाईपर्यंत. आणि सरळ होताना त्याचा हात छातीकडे गेला नाही.